आधी काच, मग डबा

तू पाठवलेली चार कॅमेऱ्यांची यादी नीट पाहिली. चारही कॅमेरे बरे आहेत. पण निवडताना तू पाहिलंस काय? मेगापिक्सेल किती, व्हिडिओ कसा, वायफाय आहे का. लेन्सच्या रकान्यात चारही ठिकाणी एकच मजकूर, ‘सोबत येते ती’. अगं, गोम तिथेच आहे. नोकरी लागल्यापासून बाजूला टाकत टाकत तीस हजार जमवलेस, ते डब्यावर घालवू नकोस. फोटो काढते काच. डबा तो साठवून ठेवतो.

यादी बाजूला ठेव आणि आधी मोबाइलची गॅलरी उघड. गेल्या वर्षभरात तू कोणते फोटो आपणहून काढलेस आणि कोणते दुसऱ्याला दाखवलेस, तेवढं बघ. तू म्हणतेस तुला पक्ष्यांचे फोटो काढायचेत. असतील. पण तुझ्या स्टेटसवर मला दिसतं ते वेगळंच असतं. आजी तांदूळ निवडताना, चौपाटीवर कणीस भाजणाऱ्या मावशी, सिंहगडावर पिठलं-भाकरीच्या टोपलीशी बसलेल्या बायका, आणि आपल्या दादाची लेक, जी एक क्षण स्वस्थ बसत नाही. तू माणसांचे फोटो काढतेस, तेही जवळून आणि बहुतेक वेळा कमी उजेडात. तुझी निवड इथेच निम्मी झाली. छायाचित्रकार सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे कृष्णधवल फोटो काढलेत ते एकदा शोधून पाहा. लांबून दुर्बीण लावून काढलेले नाहीत ते, माणसात जाऊन काढलेत. त्या कामाला हातभर लांब लेन्स लागत नाही.

आता कमी उजेडाचं गणित सांगते. तुला आकड्यांचा कंटाळा आहे, पण हे एवढं ऐकच. कॅमेऱ्यासोबत जी १८-५५ ची किट लेन्स येते, तिचं भोक १८ ला एफ/३.५ पर्यंत उघडतं आणि ५५ पर्यंत झूम केलंस की एफ/५.६ वर येतं. आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, हे लक्षात ठेव. ५० मिमीची साधी एफ/१.८ लेन्स घेतलीस, तर त्याच जागी ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. संध्याकाळी सात वाजता कणीसवाल्या मावशींच्या शेगडीजवळ उभी राहिलीस आणि किट लेन्सने शटर सेकंदाच्या दहाव्या भागाइतकं लागत असेल, तर या लेन्सने तेच काम शंभराव्या भागात होतं. एका फोटोत मावशींचा हात फरकाटलेला येईल, दुसऱ्यात बोटांना लागलेलं तिखटमीठसुद्धा दिसेल.

दुकानदार तुला सांगेल, ‘मॅडम, किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, हात हलला तरी चालतं.’ खरं आहे ते, पण अर्धवट. स्टॅबिलायझेशन तुझा हात सावरतं. समोरची पोरगी धावत सुटली तर तिला कोण सावरणार? तिथे शटरच वेगवान हवं आणि त्यासाठी उजेडच हवा. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवता येते म्हणा, पण स्वस्त कॅमेऱ्यात ३२०० च्या पुढे गेलीस की काळ्या भागात दाणे दिसू लागतात.

म्हणजे सरळ ५० मिमीची घे म्हणू का? थांब. आपल्या घरांचा विचार कर. तुझा पहिला फोटोचा कार्यक्रम बहुधा वहिनीचं डोहाळजेवण असणार, धायरीच्या फ्लॅटमध्ये. या स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, कॅननचा १.६ पट आणि निकॉनचा १.५ पट. त्यामुळे ५० ची लेन्स कॅननवर ८० सारखी वागते. तीन मीटरवरून फोटो काढलास तर चौकटीत आडवं जेमतेम १.३ मीटर मावतं. झोपाळ्यावर बसलेली वहिनी आली, ओटी भरणारी मामी कापली गेली. मागे सरकावं तर पाठीला फ्रीज. निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ त्याच जागेवरून दोन मीटर पकडते, म्हणून घरातल्या माणसांसाठी तीच मला जास्त सोयीची वाटते. कॅननमध्ये २४ मिमी एफ/२.८ ची एक चपटी लेन्स आहे, बिस्किटाएवढी दिसते. उजेड थोडा कमी घेते, पण खोलीत कामाला येते. एकट्या माणसाचा चेहरा, मागचं सगळं विरघळलेलं, हेच तुला हवं असेल तर मात्र ५० ला तोड नाही. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम नवी साधारण दहा हजारांच्या घरात मिळते, वापरलेली त्याहून कमीत. आजी आणि मावशी डोळ्यासमोर आणल्या तर तुझ्यासाठी माझं मत ५० ला आहे, आणि डोहाळजेवणाला किट लेन्स १८ वर लावून खिडकीजवळ उभी राहा. किट लेन्स टाकून द्यायची वस्तू नाही. दिवसाउजेडी गडावरून खडकवासल्याचं पाणी टिपायला ती पुरते. फक्त तिच्यावर थांबू नकोस.

निकॉनकडे वळलीस तर एक सापळा आहे, तो आत्ताच सांगते. निकॉनच्या डी३०००च्या घरातल्या आणि डी५०००च्या घरातल्या कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते. मोटर लेन्समध्ये असावी लागते. बाजारात ५० मिमी एफ/१.८डी नावाची जुनी लेन्स स्वस्तात फिरते, आणि काच चांगली असते म्हणून कोणीतरी प्रेमाने तुला ती देऊ करेल. तुझ्या कॅमेऱ्यावर ती बसेल, फोटोही येईल, पण फोकस हाताने फिरवावा लागेल. पळत्या भाचीवर! लेन्सवर एएफ-एस अशी अक्षरं आहेत का पाहा. एएफ-पी असेल तर आणखी एक पायरी: ती डी३२००, डी५१०० यांसारख्या जुन्या बॉडींवर चालत नाही, डी३४००, डी३५००, डी५६०० वर बिनधास्त चालते. कॅननमध्ये ही भानगड नाही. ईएफ असो की ईएफ-एस, दोन्ही स्वस्त डीएसएलआरवर बसतात आणि फोकसही होतात. लेन्सवरचा लाल ठिपका किंवा पांढरा चौकोन बॉडीवरच्या तशाच खुणेला जुळवायचा, झालं. आरएफ लिहिलेली मात्र मिररलेसची, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची, ती बसणार नाही.

‘मग मिररलेसच का नको?’ हा तुझा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे, तुझ्या ऑफिसातला तो हुशार मुलगा तेच सांगत असणार. तो चुकीचं बोलत नाही. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन दोघांनीही नवा डीएसएलआर आणलेला नाही, सगळं लक्ष मिररलेसकडे आहे. पण म्हणूनच लोक घरातले डीएसएलआर धडाधड विकतायत आणि आपल्यासारख्यांच्या हाताला ते लागतायत. तीस हजारांत मिररलेस आणि उजेड घेणारी लेन्स दोन्ही जमवणं कठीण. शिवाय डी३५०० ची बॅटरी कंपनीच्या प्रमाणित चाचणीत एका चार्जवर १५५० फोटो देते, गडावर दिवस काढून घरी आलीस तरी संपत नाही. उद्या मिररलेस घेतलीसच, तर ईएफ आणि एएफ-एस लेन्सा अ‍ॅडॉप्टर लावून त्यावरही फोकस होतात. बॉडी बदलते, काच राहते. मी काचेवर इतका जोर देते तो त्यासाठीच.

बॉडीबद्दल फार बोलत नाही. कॅननची १५००डी किंवा २००डी, निकॉनची डी३४००, डी३५०० किंवा डी५६००, यातली कुठलीही वापरलेली पण धड असलेली चालेल. मेगापिक्सेलवरून जीव टांगणीला लावू नकोस. ए४ आकाराची उत्तम छपाई ९ मेगापिक्सेलमध्ये होते, २४ मधून वीस इंच लांबीचा फोटो भिंतीवर लागतो. तुझ्या यादीतली ३०००डी मात्र मी खोडते. तिचं लेन्स बसवायचं कडं प्लॅस्टिकचं आहे, आणि डोळ्याच्या नंबरप्रमाणे व्ह्यूफाइंडर जुळवायचं छोटं चाक तिला नाही. तुला चष्मा आहे, विसरलीस का? आणि कॅननच्या काही अलीकडच्या स्वस्त बॉडींच्या फ्लॅशच्या खाचेत मधला संपर्कबिंदू काढून टाकलाय, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा साधा फ्लॅश त्यावर पेटत नाही. पुढे कधी फ्लॅश लावायचा असेल, तर घेण्याआधी खाचेत डोकावून बघ.

आणि पक्षी. तुझा हिरमोड करायचा नाही, म्हणून हिशेबच मांडते. दिवाळीनंतर खडकवासला धरणाच्या काठच्या उथळ पाण्यात गर्दी होते, शेकाटे, पाणकावळे, बगळे, नशीब असेल तर रंगीत करकोचे. समज करकोचा तुझ्यापासून पन्नास मीटरवर आहे. किट लेन्स ५५ वर नेलीस तर चौकटीत वीस मीटर रुंदीचं पाणी येतं आणि त्यात तो ठिपका. ५५-२५० ची टेलि घेतलीस तर साडेचार मीटर रुंदी, करकोचा चौकटीच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. चांगलं आहे. पण टिबुकली? वीतभर पक्षी तो, २५० मध्येही ठिपकाच. म्हणजे पक्ष्यांच्या फोटोचं खरं काम ४०० च्या पुढे सुरू होतं आणि तिथे तुझ्या तीस हजारांना कोणी विचारत नाही. २५० ची वापरलेली लेन्स पुढच्या वर्षी घे, आपण थंडीत पहाटे जाऊ. पहाटेच, कारण रस्त्याकडच्या काठावरून सकाळी ऊन आपल्या पाठीशी असतं आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. संध्याकाळी सूर्य समोर, तेव्हा सगळे काळ्या सावल्या. त्या सावल्याही सुंदर येतात, पण मग कुठला पक्षी हे ओळखायला मला फोन करू नकोस.

लांब लेन्स हातात आली की एक भान ठेव. समोरच्या काठावर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिकडच्या इमारतींकडे रोखून झूम करायचं नाही, आणि धरणाच्या भिंतीवर, दारांजवळ, पाटी लावलेल्या जागी कॅमेरा काढायचाच नाही. कुणी हटकलं तर हुज्जत घालत बसू नकोस.

वापरलेला कॅमेरा घेताना काय बघायचं ते सांगते. स्वतःचं कार्ड घेऊन जा आणि त्यातच फोटो काढ. घरी आणून मोठ्या पडद्यावर पाहिल्याशिवाय पैसे नाहीत. एफ/१६ वर आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसेल. चार ठिपके असतील तर सफाईने जातात, ओरखडा जात नाही. लेन्सला मागून मोबाइलचा टॉर्च लाव आणि पुढून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. लेन्स कितीही स्वस्त देत असला तरी परत ठेव. शटर किती वेळा उडालंय तेही विचार. निकॉनच्या फोटोच्या माहितीत तो आकडा असतो आणि वाचता येतो. कॅननच्या बहुतेक बॉडींत तो तसा मिळत नाही, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी३५०० सारख्या कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाखापर्यंत टिकावं असं धरतात. तीस-चाळीस हजारांवर असलेला कॅमेरा तुला बरीच वर्षं पुरेल. बिलावरचा नंबर आणि बॉडीखालचा नंबर जुळतो का पाहा. बिल हरवलंय म्हणाला, तर मन थोडं घट्ट कर आणि निघून ये. चोरीचा माल घरात नको.

नवाच घ्यायचा झाला, तरी जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी पाहिजेच. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ म्हणणाऱ्याकडे बहुधा बाहेरून आलेला माल असतो आणि तो बिघडला की कंपनीचं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत हात लावत नाही. बिनव्याजी हप्त्यांचं आमिष दाखवतील, तिथे प्रोसेसिंग फी वेगळी विचार. रोख तीस आहेत, तर तिसातच बसव.

तिसाची वाटणी मी अशी करेन. निम्मे बॉडी आणि किट लेन्सला. तिसरा हिस्सा ५० ला. उरलेल्या पाच हजारांत चांगल्या कंपनीचं कार्ड, जादाची बॅटरी, पावसाला पुरेल अशी साधी बॅग, आणि एक पोर्टेबल हार्ड डिस्क जमेल तेव्हा. भाव वरखाली होतील, त्याप्रमाणे हजार-दोन हजार इकडचे तिकडे कर, पण लेन्सच्या वाट्यातून बॉडीला देऊ नकोस. ट्रायपॉड आत्ता नको, हजार रुपयांचा डुगडुगणारा तर मुळीच नको. हार्ड डिस्कबद्दल मात्र मी हट्ट धरणार. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही फुटलं, आणि नारायण पेठेतल्या आजीच्या घरात लग्नाचा जो एकच फोटो होता तो पाण्यात गेला. दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. तेव्हा प्रत काढणं सोपं नव्हतं. तुला काय अडचण आहे?

पावसाळ्यात तुझ्या घरात कपाटालाही ओल येते. जून ते सप्टेंबर कॅमेरा बॅगेत घालून कपाटात कोंबू नकोस. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घे, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाक. पुड्यांचे दाणे रंग बदलतात, मग मंद आचेवर कढईत परतून पुन्हा वापर. कुणीतरी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगेल. तांदळाची भुकटी झूमच्या खाचांत गेली की काढता येत नाही, तेव्हा ते नकोच. आणि लेन्स वापरत राहा. उजेडात फिरणाऱ्या काचेवर बुरशी सहसा धरत नाही.

दुकानात आणखी एक गोष्ट होईल, त्याची तयारी ठेव. तू विचारशील आणि उत्तर सोबतच्या दादाला मिळेल. मला अजूनही मिळतं. होमाई व्यारावाला आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. आपलं आता एवढं तरी बरं आहे की बिल आपल्या नावाचं होतं. दादाला गाडीशी उभा कर आणि बॉडी स्वतः हातात घेऊन बघ. उजव्या हाताची करंगळी खाली लोंबकळते का, अंगठा बटणापर्यंत पोचतो का, एका हाताने पाच मिनिटं धरून मनगट भरून येतं का. हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं.

डी३४०० विकणारे ते काका कोथरूडला राहतात म्हणालीस ना? त्यांना शनिवारी सकाळी अकराची वेळ दे, संध्याकाळी नको, लेन्स उजेडात बघायची आहे. मात्र आधी विचार, किट लेन्ससोबत ५० देतायत ती ‘डी’ आहे की एएफ-एस. डी असेल तर ती त्यांच्याकडेच राहू दे म्हण, आणि फक्त बॉडी आणि किटचा भाव काढायला सांग. तू कार्ड आण, टॉर्च माझ्याकडे आहे, घासाघीस मी करते. तू फक्त त्यांच्यासमोर ‘अय्या, किती छान आहे’ एवढं म्हणू नकोस.